काकोपार्जित तिकिटसंग्रहाची मूल्यमीमांसा

मराठीत ‘वडिलोपार्जित’ हा शब्द आहे, ‘काकोपार्जित’ नाही. कोशकारांच्या नजरेतून ही उणीव सुटली याचं कारण सरळ आहे. काकांकडून मिळण्यासारखं फारसं काही नसतं, आणि ज्यांना मिळतं ते बोभाटा करत नाहीत. प्रस्तुत लेखकाला मात्र त्याच्या काकांकडून पोस्टाची ४,३१२ तिकिटं मिळाली. ती मिळाल्यापासून खपेपर्यंत चौदा महिने गेले. या चौदा महिन्यांत जे ज्ञान साठलं त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून ते इथे फुकट मांडतो आहे.

आधी शास्त्राचं नाव पाहू. तिकिटं जमवण्याच्या छंदाला ‘फिलाटेली’ म्हणतात. हा शब्द १८६४ साली जॉर्ज हर्पँ नावाच्या फ्रेंच संग्राहकानं घडवला. ‘फिलोस’ म्हणजे प्रेम करणारा आणि ‘अतेलेया’ म्हणजे करातून सूट, दोन्ही शब्द ग्रीक. पाकिटावर तिकीट असलं की हशील आधीच भरलेलं असे, घेणाऱ्याच्या खिशाला चाट बसत नसे. म्हणून ही सूट. तेव्हा व्युत्पत्तीला धरून बोलायचं तर फिलाटेली म्हणजे कर न भरण्यावरचं प्रेम. या अर्थानं आपल्याकडे फिलाटेलिस्ट गल्लोगल्ली आहेत, फक्त ते तिकिटं जमवत नाहीत. माझे काका दोन्ही अर्थांनी फिलाटेलिस्ट होते. रेव्हेन्यू स्टॅम्प त्यांनी आयुष्यात एकही जमवला नाही. “ते तिकीट नव्हे, तो कर आहे,” असं ते म्हणत. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. पुढे त्याचे दोनशे रुपये पडणार आहेत.

पोथीवर्णन

प्राचीन ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढताना उपलब्ध पोथ्यांचं वर्णन अगोदर देण्याची रीत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या बाबतीत ती पाळली. काकांचा संग्रह महाभारताहून लहान असला तरी भाऊबंदकी तीच होती, म्हणून रीतही तीच ठेवतो.

पोथी ‘अ’ ही काकांच्या शाळकरी वयातली दोनशे पानी रेघी वही. तिच्यात तिकिटं भाताच्या खळीनं चिकटवलेली आहेत, कायमची. खळ म्हणजे पिठूळ पदार्थ, आणि कसर या किड्याला तो फार प्रिय. परिणामी काही पानांवर तिकिटं आहेत पण खालचा कागद नाही, काहींवर कागद आहे पण तिकिटं नाहीत. पान ३७वर दोन्ही नाही, तरी वरचा ‘टर्की – ४ नग’ हा मथळा शाबूत आहे.

पोथी ‘आ’ हा छापील परदेशी अल्बम, एकेका देशाला एकेक पान. त्यातला भूगोल काकांचा स्वतःचा आहे. स्वित्झर्लंड आपल्या तिकिटांवर ‘हेल्वेशिया’ असं लिहितं, हंगेरी ‘मग्यार पोस्टा’ लिहीत असे. काकांनी ही दोन्ही स्वतंत्र राष्ट्रं धरून त्यांना मागची कोरी पानं दिली, आणि छापील ‘स्वित्झर्लंड’ व ‘हंगेरी’ या पानांवर पेन्सिलीनं ‘अजून मिळाले नाही’ अशी नोंद केली. रशियन लिपीतलं ‘पोच्ता’ रोमन समजून वाचलं की ‘नोयटा’ होतं. त्या नोयटा देशाची १८८ तिकिटं आहेत. नोयटाची लोकसंख्या आणि राजधानी यांबद्दल काका आम्हा मुलांना बरंच सांगत. ब्रिटनचं तिकीट तर नावच सांगत नाही. जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट त्यांनी काढलं, ६ मे १८४०पासून ते चालू झालं, तेव्हा दुसरं कुणी या धंद्यात नव्हतं. मग नाव कशाला घाला? राणीचं मुंडकं पुरे. गावचा पाटील घरावर पाटी लावत नाही, त्यातलाच प्रकार. काकांनी त्या पानाला ‘राणी’ एवढंच शीर्षक दिलं होतं आणि नंतरचे सगळे राजेही तिथेच वस्तीला ठेवले होते.

पोथी ‘इ’ म्हणजे बुटांचं खोकं, फर्स्ट डे कव्हरांनी भरलेलं. काका एका कचेरीत फायलिंगला होते. कागद दिसला की त्याला डाव्या अंगाला दोन भोकं पाडून टॅग ओवायचा, हा त्यांचा हात बसलेला संस्कार. महर्षी कर्वे शंभर वर्षांचे झाले त्या दिवशी, १८ एप्रिल १९५८ला, त्यांच्यावर १५ नव्या पैशांचं तिकीट निघालं. हयात भारतीयाची छबी असलेलं ते पहिलं तिकीट. महर्षींनी शंभर वर्षं धडधाकट काढली. त्यांचं पाकीट काकांच्या पंचिंग मशीनपुढे आठवडाभरही टिकलं नसावं.

पोथी ‘ई’, बिस्किटांचा पत्र्याचा डबा. सुटी तिकिटं, ती अल्बमात लावायच्या हिंजांची पाकिटं, एक गंजका चिमटा. इथे संशोधकाला पहिलं कोडं पडतं. काका आजन्म ब्रह्मचारी, आणि डब्यात कुटुंबनियोजनाची ६१७ तिकिटं. आईबाप आणि दोन मुलं, सुखी कुटुंब, पाच पैसे. यावर घरात दोन मतं होती आणि त्यातलं एक काकांच्या तरुणपणाबद्दल होतं. खरी गोष्ट अशी, की १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी टपालावर पाच पैशांचा जादा आकार बसला. १५ नोव्हेंबर १९७१ ते ३१ मार्च १९७३ प्रत्येक पत्रावर तेवढं तिकीट जास्तीचं लागे, आणि घाईच्या दिवसांत हाताशी असलेल्या या कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘रेफ्युजी रिलीफ’ छापून वेळ निभावली गेली. कचेरीत येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचं सुखी कुटुंब काकांनी ऊन पाण्यात भिजवून सोडवून घेतलं. काही शहरांत ही छपाई किंवा शिक्का स्थानिक पातळीवर उमटवला गेला, ते नमुने जाणकार जास्त पैसे देऊन घेतात. काकांची सहाशे सतराही तिकिटं त्यातली नाहीत.

दायविचार

वस्तूची किंमत ठरवण्याआधी ती कुणाची हे ठरवायला हवं. विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणला. (लोकल थांबते ते कल्याण नव्हे, हे बिदर जिल्ह्यातलं.) मिताक्षरेत वारशाचे दोन प्रकार आहेत. बापाच्या, आज्याच्या मिळकतीवर जन्मतःच हक्क लागतो, तो अप्रतिबंध दाय. काका, भाऊ वगैरेंची मिळकत मिळते तो सप्रतिबंध दाय, कारण मधे प्रतिबंध असतो. कुठला? तर काकांचं हयात असणं. ही व्याख्या करताना विज्ञानेश्वराच्या डोळ्यांपुढे माझेच काका असावेत असं मला वाटतं. अल्बमकडे बोट नेलं की “हात धुतलेस? पुसलेस? तेल लावलंयस का डोक्याला?” अशी तीन फाटकं ओलांडावी लागत, आणि तिसऱ्या फाटकाशी सगळी भावंडं परत फिरत. इतका भक्कम प्रतिबंध धर्मशास्त्रात दुसरा नसेल.

१९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मात्र निराळीच पंचाईत केली. अविवाहित माणूस मृत्युपत्र न करता गेला, आईवडील नाहीत, भाऊही आधीच गेलेले, आणि बहीण हयात असेल, तर पुतण्याचा नंबर लागत नाही. बहीण म्हणजे आमची आत्या. ती भोरला असते, शाळामास्तरीण होती, पेन्शन घेते. काकांच्या तेराव्याला ती म्हणाली, “मला काय करायचेत ते कागद? तू ने.” हे तोंडी दानपत्र झालं. चार महिन्यांनी आतेभावानं घरच्या ग्रुपवर एक बातमी टाकली. गांधीजींचं १९४८चं दहा रुपयांचं तिकीट, त्यावर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी ‘सर्व्हिस’ असं उमटवलेलं, अशा चार तिकिटांची पट्टी २०१७ साली ५ लाख पौंडांना विकली गेली होती. त्या रात्री आत्याचा फोन आला. “ने म्हणाले होते ते सांभाळायला. विकलीस तर निम्मे माझे.” मिताक्षरेला, कायद्याला आणि आत्याला एकाच वेळी मान्य होईल असं दुसरं सूत्र मला आजतागायत सापडलेलं नाही.

प्रमाणविचार

नैयायिक चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. तिकिटांच्या बाबतीत क्रम उलटा लागतो, शब्द आधी.

शब्दप्रमाण म्हणजे आप्तवाक्य. संस्कृतात आप्त म्हणजे ज्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा असा. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. भाषेनं हा प्रवास कोणत्या अनुभवाच्या जोरावर केला ते कळत नाही. आमच्या आप्तांचं वाक्य असं होतं, की काकांकडे ‘गांधीजींचं दहाचं’ आहे. ते कुणीच पाहिलेलं नव्हतं, आणि त्यामुळे त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पोथी ‘अ’, पान १२वर गांधीजी सापडले. एक नव्हे, तिघे. १५ ऑगस्ट १९४८ला स्वित्झर्लंडमध्ये छापून आलेली ती चार तिकिटांची मालिका होती: दीड आण्याचं तपकिरी, साडेतीन आण्यांचं जांभळं, बारा आण्यांचं करडं-हिरवं आणि दहा रुपयांचं. आमचे तिन्ही गांधीजी तपकिरी होते. म्हणजे दीड आणा सत्तर वर्षांत दहा रुपयांवर गेला होता. मी दर काढून पाहिला, दरसाल दरशेकडा जवळजवळ ७, चक्रवाढीनं. घरातली दंतकथा मुदतठेवीच्या वेगानंच वाढते, हा शोध माझा. तो कुणी वापरल्यास उल्लेख करावा.

उपमान हे पुढचं पाऊल, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी भाग्य आपल्याला लावून पाहणं. ब्रिटिश गियानाचं १८५६चं एक सेंटचं किरमिजी तिकीट जगात एकुलतं एक आहे. १८७३ साली बारा वर्षांच्या एका मुलाला ते काकांच्याच कागदपत्रांत सापडलं. काकांच्याच! मुलानं ते सहा शिलिंगला विकून टाकलं. २०१४च्या लिलावात त्याचे ९४ लाख ८० हजार डॉलर आले. आतेभावाच्या मते यातून धडा एकच, घाई करू नये. माझ्या मते धडा असा, की २०१४ साली तो मुलगा हयात नव्हता.

आतेभाऊ हा उपमानाचा महापंडित. १८५२ साली सिंधचा कमिशनर बार्टल फ्रिअर यानं, म्हणजे पुढे मुंबईचा गव्हर्नर होऊन किल्ल्याचे तट पाडणाऱ्या फ्रिअरनं, आशियातली पहिली तिकिटं काढली: सिंध डाक, अर्धा आणा. त्यांतली लाल तिकिटं लाखेवर ठसा उमटवलेली, म्हणून ठिसूळ, म्हणून आज फार थोडी उरलेली. आतेभावाला डब्याच्या तळाशी लाल लाखेचा तुकडा मिळाला. तीन रात्री त्याला झोप नाही. चौथ्या दिवशी भिंगाखाली एका बँकेच्या शाखेच्या नावाची चार अक्षरं वाचता आली. रजिस्टर पार्सलचं सील होतं ते. लाखेचं होतं, लाखाचं नव्हतं.

अनुमानाचं साधन म्हणजे कॅटलॉग. स्टॅन्ली गिबन्स या इंग्लिश पेढीनं १८६५पासून भावपत्रकं काढली, आणि जगभरचे वारसदार ती वाचून आपला हिशेब मांडू लागले. मीही मांडला. पोथी ‘आ’ची बेरीज तीन संध्याकाळी केली, ती ८६ हजारांवर गेली. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं की ओट्याला ग्रॅनाइट घेऊ. मग प्रस्तावना वाचली. ज्ञानप्राप्तीचा हा क्रम चुकीचा आहे, तरी सार्वत्रिक आहे. त्या किमती पेढी ज्या भावानं *विकेल* त्या असतात, घेईल त्या नव्हेत. शिवाय सर्वांत खालचा जो आकडा शेकडो तिकिटांपुढे दिसतो, तो तिकिटाचा नसतोच. शोधून, उचलून, पुडीत घालून देण्याच्या मजुरीचा असतो. सोनाराकडे मोड द्यायला गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. घट वजा, डाग वजा, मजुरी वजा. फरक इतकाच, की सोन्यात मजुरी वजा जाऊन सोनं उरतं.

दंतविचार आणि पृष्ठविचार

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत अशी आपली म्हण. फिलाटेलीची सुरुवातच दात मोजण्यापासून होते. तिकिटाच्या कडेला जी नक्षी दिसते तिची दोन सेंटिमीटरमधली संख्या मोजायची. हे माप पॅरिसच्या लेग्राँ नावाच्या डॉक्टरनं १८६६ साली बसवलं आणि त्याला दंतमापक अशाच अर्थाचं नाव दिलं. एकाच चित्राची, एकाच रंगाची दोन तिकिटं. एकाचे दात चौदा, दुसऱ्याचे साडेबारा. एक चार आण्यांचं, दुसरं चार हजारांचं, असं होऊ शकतं. कोपऱ्याचा एक दात पडला असेल तर गाय गेली. काका तिकिटं कात्रीनं वेगळी करत, कारण फाडणं त्यांना अव्यवस्थित वाटे. भारताची आमची जवळजवळ सगळी गुरं बोळकी निघाली.

पृष्ठविचार याहून गूढ. तिकीट म्हणजे एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला गोंद. जाणकार माणूस पैसे मोजतो ते मागच्या बाजूचे. गोंद मूळचा, अस्पर्श, हिंजही न लागलेला असेल तर भाव वेगळा. हिंजाचा ओरखडा दिसला की निम्म्याच्या खाली. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात अस्पर्श गोंद ठेवायचा तर माणसानं चार महिने श्वास रोखून बसायला हवं. दमट हवेत गोंद समोरच्या पानाला मिठी मारतो, आणि कागदावर तपकिरी ठिपके उठतात. पिकावर पडतो तो तांबेरा इथेही पडतो, आणि इथे फवारणी चालत नाही. काकांच्या खळीबद्दल या प्रकरणात बोलत नाही.

गोंद शाबूत असलेली तिकिटं पोथी ‘आ’मध्ये होती, चक्क हजारावर, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात अगदी आखल्यासारखा चतकोर शिक्का. मला ती चमत्कारासारखी वाटली. टपालात गेलं असेल तर गोंद कसा उरला? उत्तर: ती टपालात गेलीच नव्हती. पूर्व युरोपातल्या टपालखात्यांकडून, आणि साठच्या दशकात अजमान, फुजैरा, उम्म अल कुवेन अशा आखाती अमिरातींच्या नावानं, संग्राहकांच्या पाकिटांसाठीच गठ्ठ्यांनी तिकिटं छापली गेली, आणि छापखान्यातच शिक्के मारून बाहेर पडली. लग्नाला न जाता आहेराच्या यादीत नाव असलेले लोक असतात, तशी. काकांनी ती ‘पन्नास देश, एक रुपया’ अशा पाकिटांतून घेतली होती. एकट्या अजमानची ५३ भरली.

प्रत्यक्ष

प्रत्यक्षासाठी आधी मुंबईच्या जीपीओत गेलो. १९१३ची इमारत, जॉन बेगनं विजापूरच्या गोलघुमटाकडे पाहून बांधलेली. गोलघुमटात आपलाच शब्द आपल्याकडे परत येतो. पोस्टाकडे गेलेले पैसे मात्र येत नाहीत. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “आम्ही तिकिटं विकतो. घेत नाही.” याहून स्वच्छ आर्थिक विधान मी कुठे वाचलेलं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी एकानं डबा हातात घेऊन हलवून पाहिला आणि डब्याचेच दोनशे सांगितले, रिकामा करून देण्याच्या अटीवर.

शेवटी पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर, साठीचे एक गृहस्थ भेटले. चाळीस वर्षं हाच व्यापार. खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत स्टॉकबुकं, आणि बसायला एक स्टूल. त्यांनी पोथ्यांकडे पाहिलं नाही. विचारलं, “पाकिटं कुठायत?”

“कसली पाकिटं?”

“ज्याच्यावरनं ही तिकिटं काढली ती.”

काकांनी टाकून दिली, असं मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग समजावलं. सुटं तिकीट म्हणजे झाडावरून पडलेलं पान. पाकिटावर असलं की ते कुठून निघालं, कोणत्या वाटेनं, किती दिवसांत, कुणाच्या हातून, हे सगळं शिक्क्यांवरून वाचता येतं, आणि लोक पैसे देतात ते त्या वाचण्याचे. मॉरिशसचं १८४७चं एक पेनीचं तिकीट तसंही दुर्मीळच, पण ती दोन तिकिटं अंगावर घेऊन १८५० साली मुंबईच्या बायबल सोसायटीच्या नावे आलेलं पाकीट इथल्याच एका बाजारात सापडलं, आणि आज जगातल्या सर्वांत मोलाच्या पाकिटांत धरलं जातं. “तुमच्या काकांच्या हाती लागलं असतं,” ते म्हणाले, “तर दोन तिकिटं निघाली असती. ऊन पाण्यात.”

नंतर त्यांनी गाव विचारलं. भोर म्हटल्यावर एकदम सरसावून बसले. “भोरचं काही आहे का?” तेव्हा मला कळलं, की भोर संस्थानानं १८७९ साली स्वतःची तिकिटं काढली होती, आणि १९०१ साली पंतसचिवांची छबी असलेलं अर्ध्या आण्याचं काढलं होतं, परदेशातले लोकसुद्धा ती शोधत असतात. काका जन्मले भोरला, वाढले भोरला, पोथी ‘अ’ लिहिली भोरला. संग्रहात भोर शून्य, अजमान ५३.

मोजणी सुरू झाली. पोथी ‘अ’ त्यांनी दोन्ही हातांनी उचलून माझ्या मांडीवर परत ठेवली. “ही घरी असू द्या.” अल्बमचे २,२०० सांगितले. भोकं पडलेल्या खोक्याचे ९००. डब्यातली तिकिटं तागडीत घातली, ६००. सुखी कुटुंबं वजनाला हलकी भरतात. एकूण ३,७००. ग्रॅनाइटचा विषय मनातल्या मनात मिटला.

डबा रिकामा करताना एक जुनं मळकट पाकीट त्यांच्या हाती आलं. काकांनी हिंज ठेवायला वापरलेलं. त्यावर तिकीट नव्हतं. उजवा कोपरा कोरा होता आणि तिथे ‘ऑन अॅक्टिव्ह सर्व्हिस’ असं हातानं लिहिलेलं. लष्करी टपालाचा गोल शिक्का, सेन्सॉरचा दुसरा. आमचे धाकटे चुलतआजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते, इटलीपर्यंत गेले होते. आघाडीवरच्या शिपायाला तिकीट माफ असे. म्हणजे सबंध संग्रहात अतेलेया, खऱ्या ग्रीक अर्थानं, एवढ्या एकाच वस्तूवर होती. आणि तिकीट नव्हतं म्हणूनच काकांनी तिला पाण्यात घातलं नाही.

“याचे पंधराशे देतो,” गृहस्थ म्हणाले. “अठराशे दिले असते. मागे हे कुणी लिहिलंय?”

मागे आजीचं अक्षर होतं, धोब्याचा हिशेब. धोतरं ४, लुगडी ५, उशीचे अभ्रे ३, सदरे २. आत पत्र नव्हतं. चुलतआजोबांनी इटलीहून काय लिहिलं ते आता कुणालाच ठाऊक नाही. त्या आठवड्यात घरातून चौदा कपडे गेले होते, एवढं नक्की. मी ते पाकीट जरा वेळ हातात धरलं. मग मोबाईलवर त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि दिलं.

झाले ५,२००. गृहस्थ नेकीचे, वहीखातं चोख. “पावती लिहून द्या,” म्हणाले. मी लिहिली. “आता स्टॅम्प लावा.”

“कसला?”

“रेव्हेन्यू स्टॅम्प. पाच हजारांच्या वर आहे ना.”

पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं महसुली तिकीट लागतं, आणि ते पैसे घेणाऱ्यानं लावायचं, त्यावर आडवी सही करायची. माझ्याकडे नव्हतं. त्यांच्याकडे, ज्या खोलीत आढ्यापर्यंत लाखभर तिकिटं होती तिथे, नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून चार खण शोधले. एका खणात ट्युनिशिया निघालं. खालच्या स्टेशनरीवाल्यानं दुपारचं शटर ओढलेलं. जवळच्या पोस्टात फोन केला तर स्टॅम्प संपलेत, सोमवारी बघा. डब्यात पाहायचा प्रश्नच नव्हता; काकांचं मत वाचकांना ठाऊक आहे.

“असं करा,” गृहस्थ म्हणाले, “बरोबर पाच हजार लिहा. पाच हजारांना लागत नाही. जादा झालं तरच.”

मी दोनशे खोडले. त्या खोलीत त्या दुपारी भावात सर्वांत चढलेलं तिकीट ते होतं: दर्शनी मूल्य १ रुपया, प्रत्यक्षातला भाव २००, उपलब्ध प्रती शून्य.

पुढच्या शनिवारी एसटीनं भोरला गेलो आणि आत्यापुढे अडीच हजार ठेवले. सगळी हकीकत ऐकून घेताना ती पायावर पाय टाकून शेंगा सोलत होती. मग उठली, कपाटातून पेन्शनची पिशवी काढली, पासबुकाच्या प्लॅस्टिकमधून एक दुमडलेला कागद काढला आणि उलगडला. रेव्हेन्यू स्टॅम्प, आख्खी पट्टी, अकरा.

“फोन करायचास ना मला,” ती म्हणाली. “तुझ्या निष्काळजीपणाचे दोनशे. त्यातले माझे शंभर दे.”

दिले. माझे झाले २,४००, तिचे २,६००. मी पावती मागितली, तर म्हणाली, एवढ्याला स्टॅम्प लागत नाही, मग पावती कशाला?